कोजिमाची जीन्स नक्कल नव्हे

जीन्सची बेतणी अमेरिकेची, यात वाद नाही. १८७३ साली लेव्ही स्ट्रॉस आणि शिंपी जेकब डेव्हिस यांनी खिशांच्या कोपऱ्यांना धातूचे रिव्हेट ठोकण्याचं पेटंट घेतलं आणि मजुरांची ती विजार पुढे जगभर गेली. आज मात्र उत्तम जीन्सचे जाणकार जपानच्या ओकायामा प्रांतातल्या कोजिमाचं नाव घेतात. त्यावर ‘जपान्यांनी हुबेहूब नक्कल केली, इतकंच’ हा शेरा ठरलेला. मला तो अन्यायाचा वाटतो. कोजिमानं घेतला तो नमुना. तो अंगावर शोभेल असं कापड आणि शिवण त्या परिसराच्या हातात आधीपासून होती.

समुद्र हटवून मिळवलेल्या इथल्या जमिनीत मीठ फार. भाताला ती मानवेना, कापूस मात्र तग धरी. कापसामागून सूत आलं, विणलेले पट्टे आले, मग अंगठा वेगळा असलेले ‘ताबी’ मोजे आणि विसाव्या शतकात शाळेचे गणवेश. पोरांच्या धसमुसळेपणाला पुरणारा गणवेश शिवणाऱ्याला शिवण कुठे उसवते हे सांगावं लागत नाही. १९६० च्या दशकात गणवेश कृत्रिम धाग्याकडे वळले आणि काही कारखान्यांना नवा माल शोधणं भाग पडलं. त्यांतल्या मारुओनं, म्हणजे पुढच्या ‘बिग जॉन’नं, १९६५ मध्ये अमेरिकी डेनिमची जीन्स शिवायला घेतली. इतकं जाड कापड शिवणारी यंत्रंही बाहेरूनच आणावी लागली. सुरुवात उसनवारीची होती, हे मान्यच करायला हवं. पण १९७३ च्या सुमारास कुराबो गिरणीचं जपानी डेनिम हाती आलं आणि ती उसनवारी सरत गेली.

रंगाची गोष्ट तर याहून बोलकी आहे. शेजारच्या हिरोशिमा प्रांतातलं कैहारा घराणं १८९३ पासून ‘कासुरी’ विणत होतं: आपल्या इकतसारखं, सूत बांधून निळीत रंगवायचं आणि मग विणायचं. कासुरीची मागणी ओसरली तेव्हा त्यांनी १९७० मध्ये दोरखंड-रंगाईचं यंत्र उभं केलं. यात ताण्याच्या धाग्यांचा दोर करून तो निळीच्या हौदात बुडवतात, बाहेर काढून हवा लागू देतात, पुन्हा बुडवतात. हवेनं नीळ धाग्यावर बसते, पण गाभ्यापर्यंत पोचत नाही. तो पांढराच राहतो. म्हणून वरचा थर झिजला की गुडघ्यावर, मांडीच्या घड्यांवर, खिशाच्या कडेला वापरणाऱ्याच्याच हालचाली उमटतात. चांगल्या जीन्सची ओढ मुख्यतः इथे आहे.

राहिला मागांचा प्रश्न. जपानी गिरण्यांनी अमेरिकेचे टाकाऊ माग उचलून नेले, ही कथा फार पसरली आहे. प्रत्यक्षात तिथे ख्याती आहे ती तोयोदाच्या धोट्याच्या मागांची. साकिची तोयोदांचा स्वयंचलित माग १९२४ मध्ये पूर्णत्वाला गेला आणि १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनं त्याचे हक्क विकत घेतले. असा माग संथ चालतो आणि जेमतेम तीस इंचांच्या आसपास पन्ह्याचं कापड देतो. मग त्याचे जास्तीचे पैसे का मोजायचे? निव्वळ मजबुतीसाठी मोजू नयेत. नव्या मागाचं जाड डेनिमही वर्षानुवर्षं टिकतं. पण धोट्याच्या मागावर ताण कमी असतो, सुताचा उंचसखलपणा दाबला जात नाही, काठ आपोआप बांधला जातो आणि झिजताना रंग एकसुरी उतरत नाही. ज्याला हे हवं त्यानं पैसे मोजावेत. केवळ काठ दाखवायला पायाची दुमड घालणाऱ्याची हौस मला पटत नाही.

आणि जुना माग असला की झालं, असंही नाही. नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरोची व्हाइट ओक गिरणी १९०५ पासून डेनिम विणत होती. नाव, नमुने, धोट्याचे माग, सगळं तिच्यापाशी होतं. २०१७ च्या अखेरीस ती बंद पडली. ओकायामा आणि हिरोशिमात मात्र रंगारी, विणकर, शिवणारे आणि धुलाईवाले आजही एकमेकांच्या हाकेवर आहेत, आणि तिथल्या डेनिमचं गिऱ्हाईक अमेरिकेतही आहे.