दोन वह्या

परगावी गेलेल्या माणसाने रात्री कोठे उतरावे, हा प्रश्न दिसावयास क्षुल्लक. परंतु समाजाची परीक्षा त्याच्या देवळात अथवा दरबारात होत नाही इतकी ह्या साध्या प्रश्नाच्या उत्तरात होते. घरी आलेल्या सोयऱ्याचे आदरातिथ्य कोणीही करतो. ज्याची ओळख ना देख, अशा उतारूस दाराशी काय विचारावयाचे आणि त्याच्या कोणत्या उत्तरावर दार उघडावयाचे, येथे समाजाचे खरे मन दिसून येते. आपल्याकडे हॉटेल ह्या शब्दाने चहा-भज्यांच्या दुकानापासून राजवाड्यासारख्या इमारतीपर्यंत सर्वांचाच बोध होतो. त्यांपैकी शहराच्या मध्यभागी दिमाखाने उभ्या राहिलेल्या पथिकगृहांचा इतिहास धनिकांच्या चैनीचा इतिहास म्हणून बाजूस सारण्याचा आपला प्रघात आहे. तो किती अपुरा आहे, हे दाखवावे असा ह्या लेखाचा हेतू आहे.

जुन्या काळी महाराष्ट्रात प्रवास घडे तो यात्रेच्या, लग्नकार्याच्या किंवा चाकरीच्या निमित्ताने. यात्रेकरूस धर्मशाळा होत्या, आणि क्षेत्राच्या ठिकाणी उपाध्यायांची घरे होती. नाशिकास किंवा त्र्यंबकेश्वरास गेलेल्या गृहस्थास तेथील तीर्थोपाध्याय प्रथम गाव, कूळ व आडनाव विचारीत आणि आपल्या वहीतून त्याच्या आज्या-पणज्यांची नावे काढून दाखवीत. ह्या वह्या इतिहाससंशोधकांस आज अमोल वाटतात, आणि त्या तशा आहेतही. वडिलांच्या हातची सही पाहून परगावी डोळे भरून आले नाहीत असा यात्रेकरू विरळा. परंतु ह्या वहीचा एक नियम होता. तीत ज्याचे मूळ सापडे त्यासच ओसरी मोकळी होई. ज्याचे कूळ त्या वहीत बसण्यासारखे नव्हते, त्याने झाडाखाली किंवा नदीच्या वाळवंटात रात्र काढावी, असाच त्या व्यवस्थेचा अर्थ होता. मायेचा आणि मज्जावाचा उगम एकाच पानावर होता.

आगगाडीने ह्या व्यवस्थेस पहिला धक्का दिला. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आणि १८५४ मध्ये कल्याणपर्यंत लोहमार्ग झाला. पुढे १८६३ मध्ये बोरघाट आणि १८६५ मध्ये थळघाट गाडीने ओलांडला. आमचे मोहने हे कल्याणच्या पलीकडे उल्हास नदीच्या काठी आहे. आंबिवलीस गाडीत बसून मुंबईचे काम उरकावे आणि दिवेलागणीनंतर घरी परतावे, हा येथील माणसाचा नित्यक्रम असल्याने मुंबईत उतरण्याचा प्रश्न त्यास पडत नाही. परंतु घाट खुले झाल्यावर सोलापूर, खानदेश, वऱ्हाड येथून जो माणूस बोरीबंदरावर येऊन थडकू लागला, त्याचे काय? गावचा कोणी गिरणगावात असेल तर त्याच्या खोलीत, जातीची धर्मशाळा असेल तर तीत, नाही तर खाणावळीच्या माडीवर तो पथारी टाकी. शहर नवे झाले होते. वही मात्र जुनीच होती.

साहेबलोकांची गोष्ट निराळी. १८६० नंतरच्या दशकात कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या आणि एस्प्लनेडवर मोकळ्या झालेल्या जागेपैकी एका जागेवर जॉन वॉटसन नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने आपले हॉटेल उभारिले. त्याचा लोखंडी सांगाडा विलायतेत घडवून जहाजांतून येथे आणिला होता. रोलंड ऑर्डिश हा त्याचा योजक, आणि १८७१ मध्ये ते सुरू झाले. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन १८९६ च्या जानेवारीत येथेच उतरला होता. त्याच वर्षी ७ जुलै रोजी ल्युमिए बंधूंची हलती चित्रे हिंदुस्थानात प्रथम दाखविली गेली तीही ह्याच वास्तूत. मात्र एतद्देशीयांस ती पाहावयास मिळाली ती आठवड्याने, नॉव्हेल्टी नाटकगृहात. वॉटसनच्या हॉटेलात फक्त युरोपियनांस प्रवेश होता. म्हणजे लोखंड नवे आणि स्थापत्य नवे असूनही दाराशी विचारावयाचा प्रश्न तीर्थोपाध्यायाच्याच जातीचा होता. कुळाऐवजी कातडीचा रंग पाहिला जाई, एवढाच काय तो फरक.

ह्याच सुमारास जगाच्या दुसऱ्या एका कोपऱ्यात काय चालले होते, ते पाहणे बोधप्रद होईल. तुर्कांच्या सत्तेखाली बाल्कन प्रदेशातील शहरांत वाटसरूंसाठी मुसाफिरखाने असत, आणि तेथे साधारणतः तीन रात्रींपर्यंत विनामूल्य निवारा मिळे. बोस्नियातील लोक पाहुण्यास आजही मुसाफिर म्हणतात. अरबीतून तुर्कीच्या वाटेने तिकडे गेलेला हा शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला, आणि मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात मुसाफिरखाना नावाची वास्तूही आहे. पुढे तुर्कांची सत्ता ओसरली. १८७८ च्या बर्लिन येथील तहाने सर्बिया पूर्ण स्वतंत्र झाला, आणि नव्या राष्ट्रांच्या राजधान्यांस आपण युरोपच्या बरोबरीचे आहोत हे दाखविण्याची निकड वाटू लागली. त्यासाठी संसदगृह हवे, नाट्यगृह हवे, विद्यापीठ हवे. आणि परदेशचा वकील किंवा वार्ताहर आगगाडीतून उतरल्यावर ज्यात मुक्काम करील असे भव्य हॉटेलही हवे. बेलग्रेड शहराच्या तेराझिये चौकातील मॉस्क्वा हॉटेल १९०८ मध्ये उघडले. एका रशियन विमा कंपनीने ते बांधिले होते आणि राजा पहिला पीटर ह्याच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. हिरवट चिनी मातीच्या फरशांनी मढविलेली त्याची दर्शनी भिंत आजही त्या चौकाचे भूषण आहे. अशा घरात उतरणाऱ्यास नुसता पलंग मिळत नाही. खिडकी उघडली की साऱ्या राष्ट्राचा चौक त्याच्यासमोर येतो.

अशी घरे शहराच्या मानाची प्रतीके होतात, आणि म्हणूनच संकटकाळी त्यांच्यावर पहिला घाला पडतो. दुसऱ्या महायुद्धात बेलग्रेड जर्मनांच्या हाती पडले तेव्हा गेस्टापोने मॉस्क्वा हॉटेलातच आपले ठाणे दिले. अथेन्सच्या ग्रांद ब्रेताञ हॉटेलात १९४४ च्या डिसेंबरात ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांचा तळ होता. चर्चिल त्या शहरात येण्याच्या सुमारास हॉटेलखालील गटारात सुरुंगाची दारू पेरलेली आढळली.

आता मुंबईकडे परतू. बेलग्रेडच्या मॉस्क्वापूर्वी पाचच वर्षे, १६ डिसेंबर १९०३ रोजी, अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेल उघडले. तेव्हा गेटवे ऑफ इंडिया नव्हता. त्याची पायाभरणी १९११ सालची आणि उद्घाटन १९२४ सालचे. बोटीतून येणाऱ्या प्रवाशास मुंबईचे प्रथम दर्शन घडे ते ह्या घुमटाचे. जमशेटजी टाटा ह्यांनी ते उभारिले, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याचा मूळ आराखडा करणाऱ्या दोघा शिल्पज्ञांपैकी सीताराम खंडेराव वैद्य हे मराठी गृहस्थ होते, हे फार थोड्यांस ठाऊक असते, दुसरे डी. एन. मिर्झा. वैद्यांनी पूर्वी फ्रेडरिक स्टीव्हन्स ह्यांच्या हाताखाली बोरीबंदर स्थानकाच्या बांधकामावर काम केले होते. ताजचे काम पुरे होण्यापूर्वीच ते निवर्तले, आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स ह्या इंग्रज शिल्पज्ञाने ते तडीस नेले. इमारतीचे तोंड चुकून मागे झाले म्हणून शिल्पज्ञाने जीव दिला, अशी जी कथा ऐकू येते तीस आधार नाही. वॉटसनच्या दारातून परत पाठविल्याच्या संतापाने जमशेटजींनी ताज बांधले, ही कथाही इतिहासज्ञ शंकास्पद मानतात. परंतु खोटी कथाही उगीच रुजत नाही. लोकांनी ती शंभर वर्षे जपली, कारण अपमानाचे उत्तर अपमानाने न देता अधिक मोठे दार बांधून द्यावे, ही कल्पना त्यांस भावली. ताजच्या दाराशी वर्ण पाहिला जात नव्हता. विजेचे दिवे, जर्मन लिफ्ट, अमेरिकन पंखे ह्यांपेक्षा त्या काळच्या मुंबईत हीच गोष्ट अधिक नवी होती. पहिल्या महायुद्धात तेथे जखमी सैनिकांचे इस्पितळ झाले. पुढे २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला करणाऱ्यांनी ह्याच घुमटाची निवड केली, ती मॉस्क्वाच्या बाबतीत सांगितलेल्या न्यायानेच.

मात्र मराठी मध्यमवर्गाच्या खिशास ताज कधी परवडले नाही. त्याचे पथिकगृह म्हणजे क्रॉफर्ड मार्केटजवळील, पोलीस आयुक्तांच्या कचेरीसमोरचे सरदारगृह. लोकमान्य टिळक मुंबईस येत तेव्हा तेथे उतरत. ह्या साध्या गोष्टीतही एक क्रांती दडलेली आहे. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहाच्या पेल्यावरून ग्रामण्य माजले होते. खटला शंकराचार्यांपर्यंत गेला आणि टिळकांसही त्यात प्रायश्चित्ताचा खुलासा करावा लागला. तेच टिळक उत्तरायुष्यात भाडे मोजून राहावयाच्या घरात मुक्काम करीत, आणि त्याबद्दल कोणी ग्रामण्य उभे करीत नव्हते. तीस वर्षांत केवढे अंतर कापले गेले! १ ऑगस्ट १९२० रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, सरदारगृहातच त्यांचा अंत झाला. भर पावसात तेथून चौपाटीपर्यंत निघालेल्या अंत्ययात्रेत लक्षावधी लोक होते, आणि गांधीजींनी खांदा दिला. लोकनेत्याचा देह घराण्याच्या वाड्यातून न निघता एका पथिकगृहातून निघाला, हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो.

परंतु एवढ्यावर समाधान मानणे म्हणजे इतिहासाशी प्रतारणा होईल. टिळकांच्या मृत्यूपूर्वी तीनच वर्षे, १९१७ मध्ये, न्यूयॉर्क व लंडन येथे उच्च शिक्षण घेऊन आलेला एक तरुण मराठी विद्वान बडोद्यास उतरला. संस्थानाच्या शिष्यवृत्तीची फेड म्हणून तो तेथे नोकरीसाठी आला होता. राजा मराठी, दरबार सुधारणेबद्दल प्रसिद्ध. परंतु भीमराव आंबेडकरांस राहावयास जागा मिळेना. हिंदूंच्या पथिकगृहात प्रवेश नाही, हे ते जाणून होते. अखेर पारशांसाठी असलेल्या एका निवासात ते गेले. ते पारशी नाहीत हे कळल्यावर रखवालदाराने नकार दिला. मग वहीत पारशी नाव लिहावयाचे, ह्या अटीवर रोज दीड रुपया देऊन त्यांस वर राहू दिले. जग पाहून आलेल्या ह्या विद्वानास स्वदेशी परतल्यावर रात्रीच्या निवाऱ्यासाठी स्वतःचे नावच टाकावे लागले. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर लोक जिना चढून आले आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास बजाविले. दोघा मित्रांकडे त्यांनी विचारणा केली. एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही सबबी सांगितल्या. गाडीपर्यंतचा उरलेला वेळ कामाठी बागेत काढून रात्रीच्या गाडीने ते मुंबईस परतले. हा वृत्तान्त त्यांनी स्वतःच लिहून ठेविला आहे. १९९० मध्ये तो ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ह्या नावाने प्रसिद्ध झाला. त्यातील भाषेचा संयम वाचणाऱ्यास अधिकच अस्वस्थ करतो.

आता पुढील गोष्ट ध्यानात घ्यावी. २६ जानेवारी १९५० पासून जी राज्यघटना अंमलात आली, तिच्या मसुदा समितीचे अध्यक्ष हेच आंबेडकर होते. तिच्या १५ व्या अनुच्छेदात, धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान ह्या कारणांवरून कोणासही ज्या जागांचे दार बंद करता येणार नाही, त्यांची गणना आहे. त्यांत विहिरी, तलाव, स्नानाचे घाट आणि रस्ते आहेत; तसेच दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेलेही आहेत. मूलभूत हक्कांसारख्या गंभीर प्रकरणात हॉटेलाचा उल्लेख पाहून परक्या वाचकास कदाचित नवल वाटेल. ज्यास बडोद्याचा तो जिना ठाऊक आहे, त्यास वाटणार नाही.

दाराशी काय विचारावयाचे, ह्या प्रश्नाचे उत्तर असे शंभर वर्षांत बदलत गेले. पहिली वही कूळ विचारीत होती. दुसरी नाव व गाव लिहून घेते आणि रुपये मोजून घेते. रुपयास माया नसते, हे खरे. ताजच्या दारातून गरिबास आजही कोणी आत बोलावीत नाही. पैशाचा मज्जाव हाही मज्जावच होय, आणि त्याविरुद्ध घटनेत अनुच्छेद नाही. परंतु पैसा मिळविता येतो; जन्म मिळविता येत नाही. आजोबांची सही दाखविणाऱ्या जुन्या वहीतील जिव्हाळा आपण अवश्य जतन करावा. पण खोली भाड्याने देताना, घर विकताना किंवा पाहुण्यास ताट वाढताना आपल्या शहरांतून आजही आडनाव विचारले जाते, तेव्हा आपण कोणत्या वहीचे पान उलटीत आहो, हे प्रत्येकाने मनाशी पडताळून पाहावे. एखाद्या नगरीचे मोठेपण तिच्या घुमटाच्या उंचीवर मोजण्यापेक्षा, रात्रीच्या गाडीने आलेल्या अनोळखी माणसास तेथे स्वतःचे नाव सांगून उतरता येते की नाही, ह्यावर मोजावे, हेच बरे.