तळटीप : निहाली ही ‘बोली’ नव्हे

* मूळ लेखात निहालीला ‘कोरकूची बोली’ म्हटले आहे. शब्द लेखकाचा म्हणून तो ठेवला, पण आम्हाला तो मान्य नाही. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०६ च्या खंडात ती कोरकूच्याच मुंडा कुळात बसवली गेली, तिथून हा समज रुजला. बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोदच्या आसपास, जेमतेम दोन-अडीच हजार माणसे निहाली बोलतात. तिच्यात कोरकू शब्द पुष्कळ आहेत. ‘इरार’ (दोन), ‘नालो’ (चार) हे आकडे द्राविडी वळणाचे आहेत. पण उसनवारीवरून कूळ ठरत नाही. गडहिंग्लजकडच्या मराठीत कानडी शब्द कितीही मुरलेले असोत, ती मराठीच राहते. उलट ‘जोप्पो’ (पाणी), ‘जिकित’ (डोळा) असे रोजच्या जगण्यातले शब्द शेजारच्या कोणत्याही भाषेशी जुळत नाहीत, आणि असे शब्द सहसा कोणी उसने आणत नाही. निहाली ही मुळात गुप्त सांकेतिक भाषा असावी, अशी शंका भाषाशास्त्रज्ञ कायपर यांनी १९६२ मध्ये मांडली होती. ती गंभीरपणे घ्यायला हवी; तरी चुलीपाशी लेकरांशी बोलायला कोणी सांकेतिक भाषा वापरत नाही. बोलणारे थोडे म्हणून भाषेचे वेगळेपण नाकारले जाते असेही नाही : ॲमेझॉनच्या खोऱ्यातली पिराहां भाषा काहीशे लोकांचीच, पण तिचे एकटेपण जगभरचे अभ्यासक जाणतात. आपल्याकडे जनगणना दहा हजारांखालच्या भाषांची नावे वेगळी छापतच नाही. तिथे वगळलेल्या भाषेला पुस्तकातही ‘बोली’ म्हटले, तर वाचकापर्यंत तिचे वेगळेपण पोहोचायला दुसरी वाट उरत नाही.