हिम फॉर द वीकेंड (दृश्यगीत)

ब्रिटिश रॉक बँड कोल्डप्लेचे भारतात चित्रित झालेले दृश्यगीत. दिग्दर्शक बेन मोर. चित्रीकरण २०१५ मध्ये मुंबईच्या वरळी गावासह अन्यत्र झाले. २९ जानेवारी २०१६ रोजी प्रदर्शित. रंग उधळणारी मुले, साधू, जुनी चित्रपटगृहे आणि हिंदी चित्रपटतारकेच्या वेषातील अमेरिकी गायिका बियॉन्से ही त्यातील ठळक दृश्ये. हिंदी चित्रपट अभिनेत्री सोनम कपूर मात्र क्षणभरच दिसते, हे खटकते.

विचारवंत एडवर्ड सैद यांच्या ‘ओरिएंटॅलिझम’ (१९७८) या ग्रंथाच्या आधारे पाहता येथे भारत हा पाहुण्याने न्याहाळलेला देखावा ठरतो. तिथे राहणाऱ्या माणसांना स्वतःचा आवाज मिळत नाही. ही टीका रास्त आहे. मात्र संस्कृती-अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांच्या १९७३ मधील मांडणीनुसार संदेशाचा अर्थ निर्मात्यापाशी संपत नाही. प्रेक्षक तो स्वीकारतो, त्याच्याशी तडजोड करतो किंवा तो नाकारतो. नाशिकमधील प्रेक्षकाचे उदाहरण बोलके आहे. तेथे रंग खेळला जातो तो रंगपंचमीला, जुन्या नाशकातील पेशवेकालीन रहाडींत, म्हणजे जमिनीतील दगडी हौदांत, उड्या घेऊन. तेथे होळी म्हणजे पेटवलेला अग्नी. अशा प्रेक्षकाला वर्षभर, कुठल्याही गल्लीत उधळला जाणारा पडद्यावरचा रंग तिथी आणि ठिकाण हरवलेला दिसतो.