टिप्पणीचे प्रामाण्य : जावाच्या स्टँडर्ड लायब्ररीतील दोन वाक्यांचा इतिहास

मूळ ग्रंथ आणि त्यावरील टीका ह्यांपैकी प्रमाण कोणते, हा भारतीय शास्त्रपरंपरेतील एक जुना प्रश्न होय. सूत्र स्वतंत्र आणि भाष्य परतंत्र, अशी सर्वसामान्य समजूत असली, तरी व्याकरणशास्त्राने तिला अपवाद केला. पाणिनी, कात्यायन आणि पतंजली ह्या तीन मुनींच्या वचनांत विरोध आढळल्यास उत्तरोत्तर मुनीचे वचन अधिक प्रमाण मानावे, असा संकेत वैयाकरणांत रूढ झाला. सूत्राचा अर्थ अखेरीस भाष्याने ठरविला. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात असाच काहीसा प्रकार एका अगदी वेगळ्या क्षेत्रात घडून आला. प्रोग्रॅम लिहिणाराने वाचकाच्या सोयीसाठी समासात लिहावी तशी लिहिलेली टिप्पणी प्रत्यक्ष प्रोग्रॅमहून अधिक प्रमाण ठरली. जावा ह्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीचा इतिहास ह्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

बहुतेक सर्व प्रोग्रॅमिंग भाषांत टिप्पणीची सोय असते. मनुष्याने लिहिलेल्या प्रोग्रॅमचे यंत्राला चालविता येईल अशा रूपात भाषांतर करणारा कंपायलर हा मजकूर वगळून पुढे जातो; म्हणून टिप्पणी चुकली तरी प्रोग्रॅम अडत नाही. ह्या उपेक्षित मजकुराला प्रतिष्ठा देण्याचे प्रयत्न जावाच्या पूर्वीही झाले होते. ईमॅक्स ह्या संपादन-साधनात प्रत्येक फंक्शनला त्याचे वर्णन जोडण्याची पद्धत होती. डोनाल्ड नूथ ह्यांनी तर १९८४ मध्ये असे प्रतिपादन केले की, प्रोग्रॅम हा मुख्यतः माणसांनी वाचावयाचा ग्रंथ समजून लिहावा. तथापि टिप्पणीला जवळजवळ कायद्याचे स्वरूप आले ते जावामध्ये.

जावाची पहिली आवृत्ती सन मायक्रोसिस्टिम्स ह्या कंपनीने जानेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यासोबत जावाडॉक नावाचे एक साधन होते. एक तिरकी रेघ आणि दोन तारका ह्यांनी सुरू होणारी टिप्पणी फंक्शनच्या आधी लिहिली, की हे साधन ती उचलून संदर्भग्रंथाच्या पानावर मांडीत असे. भाषेबरोबर मिळणाऱ्या तयार फंक्शनांचा संग्रह म्हणजे स्टँडर्ड लायब्ररी. तिचा उपयोग करणारे बहुसंख्य लोक हीच पाने वाचीत. पानांमागील प्रोग्रॅम क्वचितच वाचला जाई. पुढे १९९७ मध्ये आलेल्या १.१ ह्या आवृत्तीत आणखी एक पाऊल पडले. एखादे फंक्शन यापुढे वापरू नये असे सुचविणारा ‘डेप्रिकेटेड’ हा खूणशब्द टिप्पणीत आढळल्यास कंपायलर सूचना देऊ लागला. जो मजकूर कंपायलरने पाहावयाचाच नाही असा दंडक होता, त्यातील एक शब्द तो पाहू लागला. शिवाय ही लायब्ररी इतरांनाही स्वतंत्रपणे रचता यावी, अशी भूमिका होती. जीएनयू क्लासपाथ आणि अपाची हार्मनी ह्या प्रकल्पांनी तसे प्रयत्न केलेही. अशा दुसऱ्या रचनाकाराला मूळ प्रोग्रॅमची नक्कल करावयाची नसते. त्याला आधार टिप्पणीचाच. अशा रीतीने टिप्पणी ही वर्णन न राहता करार बनली.

करार म्हटला की त्याची भाषा आली. टिप्पणी कशी लिहावी ह्याविषयी सन कंपनीने जी मार्गदर्शिका तयार केली, तिच्यात भाषाभ्यासकाचे लक्ष वेधून घेणारे काही नियम आहेत. टिप्पणीचे पहिले वाक्य साररूप असावे, कारण साधन तेवढेच वाक्य सूचीत घेते. वाक्य पूर्णविराम व त्यानंतरची मोकळी जागा येथे संपले असे साधन समजत असल्यामुळे ‘प्रोफेसर’ ह्या शब्दाच्या इंग्रजी संक्षेपापाशीही ते तुटे. त्यावरचा उपायही मार्गदर्शिकेने सांगितला आहे. क्रियापद आज्ञार्थी नसावे, तृतीय पुरुषी वर्तमानकाळी असावे, म्हणजे ‘दे’ असे न लिहिता ‘देते’ असे लिहावे, हा तिचा आणखी एक नियम. ईमॅक्सची परंपरा नेमकी उलट, आज्ञार्थाची आहे. पायथन भाषेने २००१ मध्ये लिहिलेल्या आपल्या संकेतांत आज्ञार्थच पत्करला. रस्ट भाषेने मात्र २०१६ मध्ये तृतीय पुरुषी वर्तमानाची बाजू घेतली.

हा वाद केवळ शैलीचा आहे, असे वरवर वाटते. परंतु वर्तमानकाळात एक संदिग्धता मुळातच आहे. ‘दुकान नऊला उघडते’ हे वाक्य आजवरच्या अनुभवाचे कथन असू शकते, आणि दुकानदाराने पाटीवर लिहिल्यास तेच ग्राहकाला दिलेले वचनही ठरते. वाक्याचे रूप एकच; कथन कोणते आणि वचन कोणते, हे रूपावरून कळत नाही. जावाच्या लायब्ररीतील दोन टिप्पण्यांचे भवितव्य ह्या एका गोष्टीने ठरले. दोन्ही टिप्पण्या १९९८ च्या डिसेंबरमधील १.२ ह्या आवृत्तीतील आहेत.

पहिली टिप्पणी अक्षरमालेच्या हॅश संख्येविषयी आहे. कोष्टकात एखादा शब्द लवकर सापडावा म्हणून त्याच्या अक्षरांवरून एक संख्या काढतात आणि त्या संख्येनुसार त्याला कप्पा देतात. आरंभीच्या आवृत्त्यांत लांब अक्षरमालेतील काही निवडक अक्षरेच विचारात घेतली जात. त्यामुळे एकमेकींसारख्या लांब अक्षरमाला एकाच कप्प्यात गोळा होत. १.२ मध्ये ही रीत सुधारली, आणि सुधारलेले सूत्र, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या अंकमूल्याला एकतीसच्या क्रमाने उतरत्या घाताने गुणून येणारी बेरीज, टिप्पणीत जसेच्या तसे लिहिले गेले. संख्या अशी ‘काढली जाते’, एवढेच ते वाक्य सांगते. परंतु करारातील वर्तमानकाळ तो. त्याचा अर्थ ‘नेहमी अशीच काढली जाईल’ असा झाला.

त्याची किंमत तेरा वर्षांनी कळली. डिसेंबर २०११ मध्ये बर्लिन येथील एका परिषदेत दोन संशोधकांनी असे दाखवून दिले की, एकच हॅश संख्या येणाऱ्या असंख्य अक्षरमाला मुद्दाम तयार करून पाठविल्यास सर्व्हर केवळ त्या कोष्टकात भरण्याच्या कामातच गुंतून पडतो. हा दोष अनेक भाषांत होता. पायथनने २०१२ मधील ३.३ ह्या आवृत्तीत प्रत्येक वेळी वेगळी हॅश संख्या येईल अशी व्यवस्था मूळ रीत म्हणून स्वीकारली; अमुकच संख्या येईल असे वचन तिने दिलेले नव्हते. जावाला सूत्र बदलता येईना, कारण ते टिप्पणीत होते आणि त्यावर विसंबून लिहिलेले प्रोग्रॅम जगभर चालू होते. म्हणून २०१२ मध्ये कोष्टकासाठी एक पर्यायी हॅश जोडण्यात आला. २०१४ च्या आठव्या आवृत्तीत तोही काढून, एका कप्प्यात फार गर्दी झाल्यास तिची मांडणी संतुलित वृक्षाच्या स्वरूपात करण्याची योजना आली. मूळ सूत्र आजही तेच आहे.

दुसरी टिप्पणी क्रम लावण्याच्या फंक्शनांविषयी आहे. तिच्यातही वापरलेल्या रीतीचे, विलीनीकरणाने क्रम लावण्याच्या पद्धतीचे, वर्णन आहे. परंतु त्याच वर्गाच्या प्रास्ताविक टिप्पणीत लेखकाने एक खुलासा जोडला : रीतींची ही वर्णने कराराचा भाग नव्हेत, रचनाकाराने हवी ती दुसरी रीत वापरावी, मात्र वस्तूंचा क्रम लावताना समान ठरणाऱ्या घटकांचा परस्परक्रम ढळता कामा नये. वचन काय आणि कथन काय, ह्यांची सीमा येथे स्पष्टपणे आखली गेली.

ह्या खुलाशामुळे २०११ च्या सातव्या आवृत्तीत जुनी रीत काढून टिम पीटर्स ह्यांनी २००२ मध्ये पायथनसाठी रचलेली टिमसॉर्ट ही रीत आणता आली. तरीही काही प्रोग्रॅम अडलेच. दोन घटकांची तुलना करणारे फंक्शन वापरणाराने स्वतः लिहावयाचे असते, आणि पहिला घटक दुसऱ्याहून मोठा म्हटल्यास उलट विचारता दुसरा लहानच आला पाहिजे, अशी अट तुलनेविषयीच्या टिप्पणीत १९९८ पासूनच होती. दोन पूर्णांकांची वजाबाकी करून तुलना करण्याची सोपी युक्ती मोठ्या संख्यांच्या बाबतीत ही अट मोडते, कारण वजाबाकीचे उत्तर ठरलेल्या मर्यादेबाहेर जाऊन त्याचे चिन्हच उलटते. जुनी रीत असा भंग मुकाट्याने सोशीत असे. नवी रीत, भंग ध्यानात आल्यास, कराराचा भंग झाल्याचे सांगून काम थांबवू लागली. गाऱ्हाणे करणाऱ्यांना टिप्पणीकडे बोट दाखविता आले, आणि ज्यांना तूर्त जुनीच रीत हवी होती त्यांच्यासाठी तशी सोयही ठेवण्यात आली. नव्या टिप्पणीत ही तक्रार ‘ऐच्छिक’ असल्याचे नमूद केले आहे : भंग सापडलाच पाहिजे, असे बंधन रचनाकारावर नाही. तो एक शब्द गाळला असता, तर प्रत्येक भंग शोधून काढण्याची जबाबदारी प्रत्येक रचनाकारावर आली असती.

ह्या अनुभवांतील भेद २०१४ च्या आठव्या आवृत्तीत नियमित रूपात आला. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीसाठी तीन खूणशब्द योजण्यात आले : एक मूळ रचनेच्या ज्या वर्तनावर विसंबता येईल त्यासाठी, दुसरा केवळ माहितीदाखल असलेल्या रचनेच्या तपशिलासाठी, तिसरा वापरणाराला करावयाच्या सूचनेसाठी. वर्तमानकाळी वाक्याच्या रूपात जो भेद दिसत नव्हता, तो आता त्याच्या डोक्यावरील खुणेत दिसू लागला. लायब्ररीचा विकास जेथे होतो त्या ओपनजेडीके प्रकल्पातही आज हाच विवेक आहे. टिप्पणीतील मुद्रणदोष सुधारणे ही साधी दुरुस्ती समजली जाते. परंतु वचनाचा अर्थ बदलणारी शब्दयोजना एका स्वतंत्र पुनर्विलोकनातून जावी लागते, मग प्रोग्रॅमची एकही ओळ बदललेली नसो.

टिप्पण्यांवर हात फिरविणे हे नवख्याला द्यावयाचे किरकोळ काम आहे, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. वरील इतिहासावरून तो किती अपुरा आहे हे दिसून येईल. वाक्य सुबोध करताना संपादक नकळत त्यात एखादे नवे वचन घालू शकतो, अथवा असलेले काढून टाकू शकतो. हॅशच्या टिप्पणीत शुद्धलेखनाचा अथवा स्पष्टतेचा कोणताही दोष नव्हता. ती अत्यंत स्पष्ट होती, आणि तिच्यापासून जो त्रास झाला तो त्या स्पष्टतेमुळेच. म्हणून अशा मजकुराच्या संपादकाने वाक्य कसे लिहावे ह्याआधी ते कोणाला बांधते हे पाहिले पाहिजे, आणि जे बांधून घ्यावयाचे नाही ते तसे स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.