‘ध’चा ‘मा’ आणि बारभाई

ठाण्याहून घोडबंदर रोडने निघाले की डाव्या हाताला येऊरचे डोंगर आणि उजवीकडे खाडी. पलीकडच्या टोकाचा घोडबंदरचा किल्ला मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतला. १७७४ च्या डिसेंबरअखेर ठाण्याचा किल्ला इंग्रजांकडे गेला आणि साष्टी मराठ्यांच्या हातून निसटली. पेशवे घराण्यातल्या यादवीची ही किंमत होती. त्या यादवीतला शब्दांचा व्यवहार मात्र इतिहासकारांनी बखरकारांवर आणि बखरकारांनी लोकांवर सोपवला.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला. रघुनाथरावाविरुद्ध सखारामबापू, नाना फडणीस प्रभृती कारभारी एकत्र आले आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावाला त्यांनी पेशवाईची वस्त्रे मिळवून दिली. धनी पाळण्यात असल्यामुळे विरोधकांना लक्ष्य उरले ते सल्लागारांचेच. मूल खरे नव्हेच, कारभाऱ्यांनी उभे केलेले आहे, ही वदंता ग्रँट डफपर्यंत पोचली. ‘बारभाई’ हे नावही पाहा. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही, अशा कारभाराला मराठीत आजही हाच शब्द लागतो. आणि वडगावला १७७९ मध्ये इंग्रजांना शरण आणणारे हेच बारभाई! यादवी ते जिंकले; भाषेत हरले.

दुसऱ्या बाजूची संहिता याहून गुंतागुंतीची आहे. रघुनाथरावाने ‘धरावे’ लिहिले, आनंदीबाईने ‘ध’चा ‘मा’ केला, ही कथा शाळकरी पोरालाही ठाऊक असते. असा मूळ कागद उपलब्ध नाही. तेव्हा कथा खरी की खोटी यापेक्षा तिचे कार्य काय, हा प्रश्न समीक्षेला अधिक महत्त्वाचा वाटावा. ती गुन्हा नाकारत नाही, फक्त त्याचे कर्तृत्व हलवते: धन्याकडून सल्ला देणाऱ्याकडे, आणि इथे तो सल्लागार स्त्री असल्याने काम अधिकच सोपे. १६४२ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने चार्ल्सविरुद्ध शस्त्र उचलले तेही राजाच्याच नावाने, त्याच्या दुष्ट सल्लागारांपासून त्याला सोडवण्यासाठी! सिंहासन निष्कलंक ठेवून लढण्याची ही रीत जुनी आहे. या रीतीला आपल्याकडे एकच ठळक अपवाद दिसतो. रामशास्त्री प्रभुण्यांनी दोष खुद्द रघुनाथरावाच्या पदरात घातला आणि देहान्त प्रायश्चित्त सांगितले. लोकस्मृतीने शास्त्र्यांना पूज्य मानले, तरी निवाडा आपला वेगळाच दिला. आनंदीबाईला त्या निवाड्यातून अद्याप सुटका नाही.

मार्च १७७५ मध्ये सुरतेस तह झाला. साष्टी आणि वसई इंग्रजांना देण्याचे रघुनाथरावाने त्यात मान्य केले. वसई पुढे परत मिळाली. साष्टी १७८२ च्या सालबाईच्या तहानेही इंग्रजांकडेच राहिली. सुरतेच्या त्या कागदातले एखादे अक्षर कुणी बदलले, अशी कथा मात्र ठाण्यात कुणी सांगत नाही.