ट्रंकेच्या चोरकप्प्यातील २० ब्राउनिंग

१/ जुन्या पिस्तुलांच्या संग्राहकांना बेल्जियमच्या एफएन कारखान्यातील ‘मॉडेल १९००’चे विलक्षण आकर्षण असते. जॉन ब्राउनिंग यांनी रचलेले हे ७.६५ मिमीचे पिस्तूल कोटाच्या खिशात सहज मावे.

२/ हिंदुस्थानात मात्र १८७८च्या शस्त्रकायद्याने विनापरवाना शस्त्र बाळगणे गुन्हा ठरवले होते. म्हणून १९०९च्या आरंभी सावरकरांनी लंडनहून २० ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन यांच्या ट्रंकेच्या चोरकप्प्यातून मुंबईस धाडली.

३/ २१ डिसेंबर १९०९. नाशिकचे विजयानंद नाट्यगृह, ‘संगीत शारदा’चा प्रयोग. अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर ब्राउनिंगमधून गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कर्वे व देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. या वधास साहाय्य केल्याच्या आरोपावरून १९११ मध्ये सावरकरांना दुसरी जन्मठेप झाली.

४/ आजही, यवतमाळ असो वा मुंबई, परवान्यावाचून असे पिस्तूल घेता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकास सामान्यतः दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात. म्हणून जाणता संग्राहक नळीची झीज पाहण्याआधी शस्त्रावरील क्रमांक व कागदपत्रे पडताळतो. झीज किंमत ठरवते. शस्त्र कोणकोणत्या हातांतून आले, यावर त्याचा इतिहास ठरतो.