युद्धातील ओळखपत्र आणि शांततेतील नागरिक

राष्ट्रातील प्रत्येक माणसास एकच क्रमांक व एकच ओळखपत्र असावे की नसावे, हा वाद आपल्याकडे गेली काही वर्षे चालू आहे. एका पक्षास असे पत्र सुव्यवस्थेचा पाया वाटते. दुसऱ्यास ती नागरिकाच्या पायांतील बेडी वाटते. दोन्ही पक्षांचा आवेश घटकाभर बाजूस ठेवून आम्ही वाचकांस इंग्लंडात झालेल्या एका जुन्या प्रयोगाकडे नेऊ इच्छितो. त्याचा आरंभ, विस्तार व शेवट ही तिन्ही आपल्यासमोर असल्यामुळे त्यावरून बोध घेणे सोपे जाते.

पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, इंग्लंडने नागरिकांची एक नोंदवही केली होती. लोक घर बदलीत, पण सरकारास कळविण्याची आच कोणासही नसे. त्यामुळे ती वही लवकरच निरुपयोगी झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी नोंदणीखात्याचे प्रमुख असलेले सिल्व्हेनस व्हिव्हियन यांनी हा धडा नीट लक्षात ठेवला होता. नोंदणी जिवंत राहावयाची असेल, तर लोकांस जी वस्तू हवीच असते तिच्याशी ती बांधली पाहिजे, हे त्यांनी ताडले. युद्धकाळात अशी वस्तू एकच, ती म्हणजे अन्न.

२९ सप्टेंबर १९३९ रोजी सुमारे ६५,००० गणकांच्या साहाय्याने ही नोंदणी झाली, आणि चार कोटींहून अधिक लोकांच्या हाती ओळखपत्रे पडली. पत्र अगदी साधे होते: नाव, पत्ता व क्रमांक. सर्वसाधारण पत्रावर छायाचित्रदेखील नव्हते. हेतू तीनच सांगितले गेले होते: लष्करभरती, देशाची सुरक्षितता आणि शिधावाटप. ८ जानेवारी १९४० पासून लोणी, साखर व बेकन यांवर नियंत्रण आले, आणि पत्ता बदलला की लोक आपण होऊन कचेरीत जाऊन तो कळवू लागले.

या व्यवस्थेचे गुण नाकारणे अन्यायाचे होईल. घरे बाँबखाली जमीनदोस्त होत होती, मुले शहरांतून खेडोपाडी पाठविली जात होती. अशा वेळी कोण कोठे आहे हे कळणे आणि श्रीमंत-गरिबांस सारखा शिधा मिळणे, ही लहान गोष्ट नव्हती. लोकांनीही ते ओझे कुरकुर न करता वाहिले.

परंतु १९४५ साली युद्ध संपले आणि पत्र मात्र राहिले. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, अशातला प्रकार झाला. तीन कामांसाठी निघालेले पत्र १९५० पर्यंत ३९ सरकारी खात्यांच्या उपयोगी पडू लागले. पोलीस तर क्षुल्लक कारणासाठीही ते मागू लागले. प्रत्येक नवा उपयोग एकेकटा पाहिला तर निरुपद्रवी दिसे. सगळे मिळून काय होते, हे पाहणे मात्र कोणाचेच काम नव्हते.

७ डिसेंबर १९५० रोजी लंडनच्या उत्तरेस फिंचली येथे क्लॅरेन्स विल्कॉक या गृहस्थांची मोटार एका शिपायाने थांबवून ओळखपत्र मागितले. विल्कॉक यांनी ते दाखविण्यास साफ नकार दिला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि १९५१ साली सरन्यायाधीश लॉर्ड गॉडर्ड यांच्यासह सात न्यायाधीशांनी ते ऐकले. १९३९ चा कायदा रद्द झाल्याची घोषणा झाली नसल्यामुळे तो अजून जिवंत आहे, म्हणून विल्कॉक दोषीच ठरले. पण त्यांस शिक्षा मात्र काहीच झाली नाही. उलट, सुरक्षिततेसाठी केलेला कायदा भलत्याच कामी वापरल्याने कायदा पाळणारे लोकच कायदा मोडणारे बनतात आणि पोलिसांविषयी मने कलुषित होतात, असे गॉडर्ड यांनी बजाविले. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ओळखपत्रे रद्द झाल्याची घोषणा झाली. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. शिधावाटप पुढे १९५४ पर्यंत चालूच राहिले. म्हणजे ज्या कामाच्या नावावर पत्र तगून होते, ते काम त्यावाचूनही चालत होते. नोंदणीचा क्रमांकही आरोग्यसेवेत रुग्णाची ओळख म्हणून टिकला, आणि त्याविषयी कोणी गाऱ्हाणे केले नाही. लोकांचा राग क्रमांकावर नव्हता. रस्त्यात अडवून तो विचारण्याच्या अधिकारावर होता.

इंग्लंडात हे निभावले, कारण तेथे न्यायासन व लोकमत शाबूत होते. त्याच युद्धात हॉलंडवर जर्मनांचा अंमल बसला, तेव्हा चोख ठेवलेल्या नोंदवह्या आणि 'जे' अक्षर छापलेली ओळखपत्रे ज्यूंना हुडकून काढण्याच्या कामी आली. २७ मार्च १९४३ रोजी प्रतिकारकांनी ॲम्स्टरडॅमच्या नोंदणीकचेरीवर छापा घालून दप्तर जाळण्याचा प्रयत्न केला. वही करणारा सज्जन असला तरी ती पुढे कोणाच्या हाती जाईल, याची हमी त्याला देता येत नाही.

आता स्वदेशाकडे वळू. योगायोग असा की, आपल्या आधार क्रमांकाचे पहिले वाटपही २९ सप्टेंबर रोजीच झाले. ते साल २०१०, आणि गाव आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली. ज्या आदिवासी मजुराजवळ जन्माचा दाखला नाही की घराचा उतारा नाही, त्याला 'मी अमुक' असे सरकारदरबारी म्हणता येणे, हा लाभ शहरातील सुस्थितांस सहज उमगणार नाही. परंतु श्रमाने बोटांचे ठसे झिजलेल्या माणसास यंत्र जेव्हा ओळखत नाही, तेव्हा तेच साधन त्याच्या धान्याच्या आड येते. पुढे हा क्रमांक बँकेत, दूरध्वनीच्या दुकानात, सर्वत्र मागितला जाऊ लागला. २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने आधारचा कायदा मान्य केला, पण बँकखाती व मोबाईल यांच्याशी तो सक्तीने जोडणे अवैध ठरविले. गॉडर्ड यांच्या चिंतेशी या निर्णयाचे नाते उघड आहे.

म्हणून ओळखपत्र चांगले की वाईट, हा प्रश्न आम्हांस अपुरा वाटतो. ते कोणत्या कामासाठी दिले, ते काम संपल्यावर परत कोण घेईल, आणि यंत्राने नाकारलेल्या माणसाने दाद कोठे मागावी, हे तीन प्रश्न आधी विचारले पाहिजेत. इंग्लंडात यांपैकी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळावयास युद्धानंतर सात वर्षे लागली, आणि तेही एका नागरिकाने रस्त्यात 'नाही' म्हटले म्हणून.